थरथरीचा सरवा

लांब पल्ल्याची गाडी मोठ्या जंक्शनात शिरत असते तेव्हा रुळांच्या दोन्ही अंगांना रेल्वेची काही माणसं उकिडवी बसलेली दिसतात. रात्र असेल तर हातात टॉर्च असतो. त्यांचं लक्ष डब्यांकडे नसतं, चाकांकडे असतं. गाडी समोरून सरकत असताना ही माणसं चाकांच्या टोकांवरचे अ‍ॅक्सल बॉक्स न्याहाळतात, वेगळा आवाज येतो का ऐकतात, जळक्या ग्रीसचा वास येतो का पाहतात. गाडी थांबली की अ‍ॅक्सल बॉक्स किती तापलाय ते बघायचं. पूर्वी हात लावून बघत, आता इन्फ्रारेड थर्मामीटर रोखून बघतात. रेल्वेत या दुखण्याला 'हॉट अ‍ॅक्सल' म्हणतात. आतलं बेअरिंग झिजलं किंवा ग्रीस संपलं की घर्षण वाढतं, पोलाद तापत जातं, आणि वेळेवर कुणाच्या ध्यानात आलं नाही तर अ‍ॅक्सल तुटून गाडी घसरू शकते.

पद्धत जुनी आणि भरवशाची आहे; पण ती कामाला येते गाडी स्टेशनात आल्यावर. शिवाय तापणं हे बेअरिंगच्या आजाराचं उशिराचं लक्षण आहे. रोलरवर पहिला बारीक खड्डा पडतो तेव्हा तापमान जागचं हलत नाही. फरक पडतो तो थरथरीत, आणि तोही बेअरिंग तापायच्या कितीतरी आधी. तेव्हा प्रत्येक अ‍ॅक्सल बॉक्सवर कंपनं मोजणारा सेन्सर कायमचा बसवून टाकावा, हे कुणीही सुचवेल. सेन्सर आता नखाएवढा झालाय आणि महागही राहिलेला नाही. घोडं अडतं ते विजेपाशी. अ‍ॅक्सल बॉक्स गाडीच्या स्प्रिंगांच्या खाली असतो, त्यामुळे रुळाचा प्रत्येक धक्का त्याला थेट बसतो. तिथवर नेलेली वायर हिसक्यांनी तुटते, उडालेल्या खडीनं सोलवटते. मालगाडीच्या वाघिणीत तर वीज नावालाही नसते. बॅटरी लावावी म्हटलं, तर एका वाघिणीला आठ चाकं, आणि ठरावीक वर्षांनी प्रत्येक चाकापाशी पाना घेऊन कुणीतरी वाकलं पाहिजे.

इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठातून 2004 साली 'पर्पेच्युअम' नावाची छोटी कंपनी बाहेर पडली. तिनं या अडचणीलाच कामाला जुंपलं: जो धक्का वायर तोडतो, त्याच धक्क्याकडून वीज घ्यायची. अ‍ॅक्सल बॉक्सवर बोल्टनं आवळलेली एक बंद डबी. आत स्प्रिंगवर तोललेलं चुंबक आणि त्याच्या शेजारी तांब्याच्या तारेचं वेटोळं. चाक धावायला लागलं की डबी थरथरते. आतलं जड चुंबक मात्र तिच्याबरोबर लगेच हलत नाही. ते मागं राहतं, मग पुढं जातं. वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र असं सतत बदलत राहतं आणि तारेत वीज खेळते. ती असते मिलिवॉटमध्ये मोजण्याजोगी. तेवढ्यावर सेन्सर जागा होतो, कंपनं आणि तापमान मोजतो, आणि आकडे रेडिओवरून डब्यातल्या यंत्राकडे धाडतो. लंडनच्या आग्नेयेला धावणाऱ्या साउथईस्टर्न कंपनीच्या गाड्यांवर ही डबी बसली. तिथं एक जास्तीचा फायदाही पदरात पडला. अनेक गाड्यांच्या अनेक चाकांना एकाच ठिकाणी हिसका बसत असेल, तर दोष चाकांचा नाही, तिथल्या रुळाचा आहे, हे आपोआप कळू लागलं. 2021 मध्ये हिताची रेलनं ही कंपनी विकत घेतली.

गाडी उभी राहिली की डबीची वीज बंद पडते, हे खरं. पण उभ्या गाडीच्या बेअरिंगमध्ये मोजायचं तरी काय? ज्या हालचालीची खबर द्यायची, त्या हालचालीनंच खबरीचा खर्च भागवायचा, असा हा हिशेब आहे. हालचालीतून वीज काढायच्या या सगळ्या तंत्रात काय टिकतं आणि काय नुसतं प्रदर्शनात शोभतं, हे पारखायला याहून चांगली कसोटी मला सापडलेली नाही.

आता थोडं आकड्यांकडे बघू, कारण इथं आकड्यांच्या लहानपणातच सगळी मौज आहे. घरातला साधा एलईडी बल्ब 9 वॉटचा असतो. मायक्रोवॉट म्हणजे वॉटचा दहा लाखावा भाग. हातातलं क्वार्ट्झ घड्याळ एखाद्या मायक्रोवॉटवर चालतं. दर काही मिनिटांनी जागा होऊन तापमान मोजणारा, एक छोटा रेडिओ संदेश टाकून पुन्हा झोपणारा सेन्सर सरासरीनं काही दहा मायक्रोवॉटवर, फार तर शंभरावर भागवतो. 'झोपणारा' हा शब्द महत्त्वाचा. असा सेन्सर आयुष्यातला नव्याण्णव टक्क्यांहून जास्त वेळ झोपलेलाच असतो. विजेच्या चिमुकल्या जनित्रांना गेल्या पंचवीस वर्षांत जे दिवस आले, ते जनित्रं फार सुधारली म्हणून कमी आणि इलेक्ट्रॉनिक्स काटकसरी झालं म्हणून जास्त.

तरीही बॅटरीला कमी लेखू नये. चांगल्या प्रतीच्या एका पेन्सिल सेलमध्ये दहा हजार ज्यूलहून अधिक ऊर्जा मावते. शंभर मायक्रोवॉट सतत खाणारा सेन्सर वर्षभरात सुमारे 3,150 ज्यूल खातो, म्हणजे एक सेल त्याला तीनेक वर्षं पुरतो. खाणं दहा मायक्रोवॉटवर आणलं, तर सेल स्वतःच जुना होऊन मरेपर्यंत चालेल. मग जनित्राची उठाठेव कशाला? एखाद्या कारखान्यात दहा हजार सेन्सर आहेत आणि प्रत्येकाची बॅटरी दहा वर्षं टिकते असं धरा. तरी सरासरी रोज जवळजवळ तीन बॅटऱ्या बदलाव्या लागणार, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. सेलची किंमत किरकोळ असते. महाग पडतो तो शिडी लावून, यंत्र थांबवून, परवानगी घेऊन तिथपर्यंत पोचणारा माणूस.

हालचालीतून वीज काढायच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली चुंबक आणि वेटोळ्याची, मायकेल फॅरडेनं 1831 मध्ये दाखवलेली. कोयनेपासून सायकलच्या डायनॅमोपर्यंत सगळे याच वाटेनं जातात. ज्यांनी डायनॅमोची सायकल चालवली आहे, त्यांना ऊर्जा फुकट मिळत नाही हे भौतिकशास्त्राच्या पुस्तकाआधी पायांनी शिकवलेलं असतं. बाटलीच्या आकाराचा तो डायनॅमो टायरला टेकवला की पायंडल जड व्हायचं, आणि मिळायचे ते 6 व्होल्ट आणि 3 वॉट. (न टेकवावा तर दिव्यावाचून फिरणाऱ्या सायकलची पोलीस हवा सोडून देत, हा हिशेब वेगळा.)

दुसरी वाट स्फटिकांची, आणि ती जास्त नवलाची. 1880 साली पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्यूरी या दोघा भावांनी दाखवलं की क्वार्ट्झ, टूर्मलीन, पुष्कराज असे काही स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार उमटतो. आपल्या उसाच्या साखरेचा स्फटिकही त्यांच्या यादीत होता. झाक तेव्हा 24 वर्षांचा, पिएर 21 वर्षांचा. कारण असं: अशा स्फटिकात धन आणि ऋण भारांची मांडणी एका मध्याभोवती सारखी नसते. दाब नसताना दोन्हींचा तोल जमलेला असतो. दाब पडला की धनभारांचा मध्य एकीकडे आणि ऋणभारांचा मध्य दुसरीकडे किंचित सरकतो, आणि दोन पृष्ठांमध्ये व्होल्टेज दिसायला लागतं. दाब काढला की तोल पूर्ववत. याची उलट बाजूही असते, म्हणजे वीज दिली तर स्फटिक आक्रसतो किंवा ताणला जातो. तसं भाकीत गाब्रिएल लिपमन यानं 1881 मध्ये गणितानं केलं आणि क्यूरी बंधूंनी ते लगेच तपासून खरं ठरवलं. क्वार्ट्झ घड्याळ चालतं ते या उलट बाजूवर.

सरळ बाजूचा पहिला थोर उपयोग मात्र त्या घरच्याच सुनेनं केला. 1897 च्या सुमारास मारी क्यूरीला युरेनियममधून निघणाऱ्या किरणांची तीव्रता मोजायची होती. हे किरण हवेला किंचित वीजवाहक बनवतात. पण तो प्रवाह इतका क्षीण की नेहमीच्या उपकरणांना त्याचा पत्ता लागत नसे. तिनं नवऱ्याची आणि दिराची क्वार्ट्झची पट्टी घेतली. पट्टीच्या खाली पारडं टांगलेलं. पारड्यात वजन ठेवलं की पट्टी ताणली जाई आणि तिच्यावर नेमका, आधी हिशेब करून ठेवलेला भार उमटे. या भारानं किरणांमुळे साचणारा भार बरोबर खोडून काढायला किती सेकंद लागले, ते ती घड्याळ लावून टिपत असे. पिचब्लेंड हे खनिज त्यातल्या युरेनियमच्या मानानं जास्तच किरण फेकतंय, तेव्हा आत आणखी काही दडलं असलं पाहिजे, हे तिला या वजनं टाकण्या-काढण्यातून उमगलं. 1898 मध्ये पोलोनियम आणि रेडियम हाती लागले. स्फटिकावर वजन टांगून मिळवलेल्या विजेनं याहून मोठं काम पुढं कधी केलं असेल, असं मला वाटत नाही.

आपल्या स्वयंपाकघरात हीच करामत रोज घडते. गॅसच्या पिझो, म्हणजे दाबानं वीज बनवणाऱ्या, लायटरमध्ये बॅटरी नसते. बटण दाबलं की आत एक स्प्रिंग आवळत जाते, एका टोकाला सुटते, आणि छोटी हातोडी सिरॅमिकच्या कांडीवर आपटते. टक् आवाज येतो तो या हातोडीचा. कांडीवर त्या क्षणी हजारो व्होल्ट तयार होतात आणि टोकाशी ठिणगी उडते. ही कांडी क्वार्ट्झची नव्हे, लेड झिरकोनेट टायटॅनेटची, थोडक्यात पीझेडटीची. 1950 च्या दशकापासून वापरात आलेलं हे सिरॅमिक क्वार्ट्झपेक्षा कितीतरी पट भार देतं. त्याचा एक दोष आहे: वजनाच्या साठ टक्क्यांहून अधिक त्यात शिसं असतं. युरोपानं इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधून शिसं हद्दपार केलं, तरी अशा सिरॅमिकला सूट द्यावी लागली, कारण त्याच्या तोडीचं दुसरं काही सहज मिळत नाही.

तिसरी वाट घासण्याची. नागपूरच्या हिवाळ्यात टेरिलिनचा शर्ट काढताना होणारी तडतड म्हणजे तीच. तिच्याकडे पुढं येऊ.

सेन्सरचं युग यायच्या कितीतरी आधी लोक या वाटांनी जाऊन आले होते. जुन्या रेकॉर्ड प्लेअरच्या क्रिस्टल पिकअपमध्ये सुईची थरथर रोशेल सॉल्टच्या स्फटिकाला वाकवून स्वतःच वीज बनवत असे. अमेरिकी नौदलाच्या जहाजांवर दुसऱ्या महायुद्धात वापरलेले टेलिफोन तर बोलणाऱ्याच्या आवाजावरच चालत. बोलण्यानं पडदा हलतो, पडद्याबरोबर चुंबकीय यंत्रणा हलते, आणि त्या विजेनं दुसऱ्या टोकाचा पडदा बोलतो. गोळा लागून जहाजाची सगळी वीज गेली तरी इंजिनरूमला हुकूम पोचत असे. इथंही तीच कसोटी लागू पडते: निरोप आणि त्याचा खर्च एकाच तोंडून.

त्या टेलिफोनचा आजचा वंशज म्हणजे बॅटरीवाचून चालणारं बिनतारी बटण. म्युनिकजवळच्या ओबरहाखिंगमधली एनओशन ही कंपनी 2001 मध्ये सीमेन्समधून वेगळी निघाली आणि तिनं हे बटण बाजारात आणलं. युरोपातल्या जुन्या इमारतींच्या भिंती दगडी, काही तर वारसा म्हणून जपलेल्या. तिथं नव्या बटणासाठी झिऱ्या मारायच्या म्हणजे संकट. हे बटण दुहेरी चिकटपट्टीनं भिंतीवर, काचेवर, कपाटावर कुठंही लावायचं. दाबलं की छताजवळच्या यंत्राला रेडिओनं कळतं आणि दिवा लागतो.

आत काय होतं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. एका वेटोळ्याच्या मधून लोखंडाचा गाभा गेलेला असतो आणि त्याच्या टोकाशी चुंबक. बटण दाबताना पहिल्यांदा काहीच घडत नाही, फक्त एक पातळ पट्टीची स्प्रिंग वाकत जाते. ठरावीक जागी ती सटकते, आणि गाभा चुंबकाच्या एका ध्रुवापासून झटक्यात दुसऱ्या ध्रुवाला जाऊन चिकटतो. वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र एका निमिषात उलटं होतं. फॅरडेचा नियम सांगतो की व्होल्टेज क्षेत्राच्या बदलाच्या वेगावर ठरतं. म्हणून स्प्रिंगचं महत्त्व. आजोबांनी थरथरत्या बोटानं हळूहळू दाबलं काय किंवा नातवानं धपकन मारलं काय, झटका तेवढाच बसतो आणि वीज तेवढीच निघते.

ती निघते शंभर ते दोनशे मायक्रोज्यूल. तांदळाचा एक दाणा जमिनीवरून अर्धा मीटर उचलायला साधारण शंभर मायक्रोज्यूल लागतात. म्हणजे एक-दोन दाणे उचलण्याइतक्या ऊर्जेत बटणातली चिप जागी होते, आपला ओळखक्रमांक वाचते आणि रेडिओवर संदेश टाकते. हा क्रमांक 32 बिटचा, कारखान्यातच दिलेला. असे 429 कोटी क्रमांक होऊ शकतात. संदेश एका मिलिसेकंदाच्या आसपासचा. दुसऱ्या कुणाच्या संदेशावर आदळून तो हरवू नये म्हणून थोड्याथोड्या, मुद्दाम अनियमित अंतरानं तो पुन्हा पाठवला जातो, एकूण तीनदा. हे सगळं बोट बटणावरून उठायच्या आत उरकतं. संदेश पोचला का, हे मात्र बटणाला कधीच कळत नाही. ऊर्जा बोलण्यापुरती असते, उत्तर ऐकण्यापुरती नसते. संदेशाची ही पद्धत 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली.

बटण आणि रेल्वेचं चाक ही सोपी गिऱ्हाइकं म्हणायची, कारण दोन्हीकडे धक्का दणदणीत. कारखान्यातला पंप किंवा मोटार यांची थरथर हाताला जेमतेम जाणवते. तिथं अनुनादाचा आधार घ्यावा लागतो. एका टोकाला पक्की बसवलेली पीझेडटीची पट्टी, दुसऱ्या टोकावर वजन. अशा पट्टीची स्वतःची एक वारंवारता असते. यंत्र नेमकं त्याच वारंवारतेनं थरथरलं तर पट्टीचं टोक यंत्राच्या हलण्याच्या पन्नासपट, शंभरपट हलतं. जरा इकडेतिकडे झालं की पट्टी जवळजवळ गप्प. उत्तम पट्टी शंभर हर्ट्झला जुळवलेली असेल तर तिला चालणारा पट्टा अवघा एखाद्या हर्ट्झचा असतो. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून ट्रान्सफॉर्मरची गुणगुण 100 हर्ट्झची. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, गुणगुण 120 ची. तिथं उत्तम चालणारं जनित्र इथं आणून लावलं तर ते मुकं बसेल. मोटारीवर बोजा वाढला की फेरे घटतात, दुपारी ऊन तापलं की पट्टी किंचित मऊ पडते, आणि जुळवणी बिघडते. पट्टा रुंद करावा तर शिखर खाली येतं. या ओढाताणीत संशोधकांच्या एका पिढीची उमेद खर्ची पडली आहे.

1996 मध्ये शेफील्ड विद्यापीठातल्या विल्यम्स आणि येट्स यांनी या जनित्रांचं जे गणित मांडलं, ते आजही सगळ्या हिशेबाच्या मुळाशी आहे. त्यातून निघणारी एक गोष्ट कटू आहे. मिळणारी वीज आत हलणाऱ्या वजनाच्या प्रमाणात असते. जनित्राची लांबी, रुंदी, उंची निम्मी केली तर वजन आठव्या हिश्शावर येतं. शिवाय लहान पट्टीची स्वतःची वारंवारता चढते, आणि आजूबाजूची यंत्रं, पूल, माणसं तर सावकाश हलतात. म्हणजे चिपवर कोरलेलं जनित्र ही कल्पना कितीही मोहक असली तरी निसर्ग तिच्या बाजूनं नाही. पर्पेच्युअमची डबी मुठीत मावेल-न मावेल अशीच राहिली, ती याच कारणानं.

माणूस सावकाश हलतो, तरी त्याच्या हालचालीवर डोळा जुनाच आहे. मनगटाच्या हिसक्यांनी स्वतःला चावी देणारं ऑटोमॅटिक घड्याळ आपल्याकडे एचएमटीनं घरोघर नेलं. सेइको कंपनीनं 1986 मध्ये बासेलच्या प्रदर्शनात त्यापुढची पायरी दाखवली. तेच झुलतं वजन, पण ते स्प्रिंगला चावी न देता चाकांच्या साखळीतून एका इवल्याशा चुंबकाला मिनिटाला लाख फेऱ्यांपर्यंत पळवतं, आणि त्या विजेवर क्वार्ट्झ घड्याळ चालतं. मनगटाची संथ हालचाल आणि जनित्राला हवा असलेला वेग यांतली दरी गिअरनं भरून काढली. 1998 मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या जोसेफ पॅराडिसो आणि सहकाऱ्यांनी बूट घेतले. तळव्यात वाकणारं प्लास्टिक आणि टाचेखाली पीझेडटी बसवल्यावर मिलिवॉटच्या आसपास वीज निघाली, आणि चालणारा माणूस काही पावलांमागे एकदा आपली ओळख रेडिओवर सांगू लागला. त्यांनी बुटाला फिरतं जनित्रही जोडून पाहिलं. वीज पुष्कळ मिळाली, पण चालणं अवघड झालं.

इथंच फरशांचा विषय काढायला हवा, कारण वर्तमानपत्रांना तो फार आवडतो: 'पावलांवर उजळणारं स्टेशन'. टोकिओ स्टेशनात 2006 पासून जेआर ईस्टनं असे प्रयोग केले. हिशेब करून बघा. 70 किलोचा माणूस आणि पावलाखाली 5 मिलिमीटर दबणारी फरशी. एका पावलात मिळू शकणारी ऊर्जा साडेतीन ज्यूल, तीही शंभर टक्के पकडली तर. 9 वॉटचा बल्ब त्यावर सेकंदाच्या चार दशांश भागापुरता लागेल. आणि ही ऊर्जा कुठून आली? चालणाऱ्याच्या भाकरीतून, फरशी दबते म्हणजे तो प्रत्येक पावलाला किंचित चढ चढतो. अशा फरशीनं दिवे लावू नयेत. तिनं किती माणसं गेली एवढं मोजून कळवावं, त्या कामाला तिची वीज पुरून उरते.

आता घासण्याच्या वाटेकडे. जॉर्जिया टेकमधले झोंग लिन वांग यांनी 2006 मध्ये झिंक ऑक्साइडच्या, केसाहून कितीतरी पट बारीक तारा वाकवून, म्हणजे अजून स्फटिकांच्याच वाटेनं, त्यांतून विजेचे ठोके मिळवले आणि 'नॅनोजनरेटर' हा शब्द विज्ञानात रुजवला. 2012 मध्ये त्यांच्याच गटानं दोन वेगळ्या प्लास्टिकच्या पातळ थरांना टेकवून-सोडवून वीज काढणारं साधन मांडलं. दोन थर टेकले की एकाचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात, वेगळे झाले की मागं लावलेल्या धातूच्या पापुद्र्यांतून वीज वाहते. सामान स्वस्त, वजन नगण्य, व्होल्टेज शेकड्यांत, आणि अनुनादाची कटकट नाही. वारा, लाट, श्वास, काहीही चालतं. त्यामुळे जगभर या विषयावरच्या शोधनिबंधांचा पूर आला. त्यांतल्या आकड्यांकडे मात्र डोळे उघडे ठेवून बघावं. तळहातानं थोपटलं की शंभर एलईडी लखकन पेटतात हे खरं, पण पेटतात ते क्षणभर. निबंधात दिलेली असते ती त्या क्षणाची कमाल शक्ती. सेन्सरला जगवते ती सरासरी, आणि ती फारच लहान असते. प्लास्टिक घासून झिजतं. आणि दमट हवेत भार निसटून जातो, त्यामुळे मुंबईच्या जुलैत हे साधन हवाबंद कोंडल्याशिवाय चालायचं नाही.

माझ्या मते सगळ्यात देखणा प्रयोग माशांवरचा आहे. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीनं 2016 मध्ये माशाच्या कातडीखाली बसणारी एक बारीक, लवचिक पट्टी जाहीर केली. धरणांमधून मासे कसे ये-जा करतात ते कळावं म्हणून त्यांना ध्वनिसंकेत देणारे टॅग लावतात. पण टॅगची बॅटरी संपते आणि स्टर्जन जातीचा मासा कित्येक दशकं जगतो. या पट्टीत पिझो सिरॅमिक असतं. मासा पोहताना अंग वळवतो, पट्टी वाकते, वीज साठते, आणि पुरेशी साठली की टॅग पाण्यात आपला संकेत सोडतो. जितकं जास्त पोहणं तितके जास्त संकेत. स्थिर बसलेल्या माशाचा पत्ता वारंवार विचारायची गरजही नसते.

मग हृदय का नको? ते तर आयुष्यभर, झोपेतही हलतं, आणि त्याची यांत्रिक शक्ती वॉटभराची असते. पेसमेकरला लागतात दहाएक मायक्रोवॉट. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संशोधकांनी ऑटोमॅटिक मनगटी घड्याळाची यंत्रणाच उचलली आणि 60 किलोच्या डुकराच्या हृदयावर बसवली. 2014 च्या बार्सिलोनातल्या हृदयरोग परिषदेत त्यांनी सांगितलेला आकडा 52 मायक्रोवॉट होता. 2019 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी घर्षणाच्या जनित्रावर चालणारा पेसमेकर डुकराच्या शरीरात पुरता बसवून दाखवला. दर ठोक्याला 0.495 मायक्रोज्यूल मिळतात आणि हृदयाला चालना द्यायला 0.377 लागतात, असा त्यांचा हिशेब आहे. शिल्लक दिसते, पण ठोका पडतोय की नाही हे सतत पाहत राहणाऱ्या सर्किटचं खाणं या 0.377 मध्ये धरलेलं नाही.

आणि इथं आपली कसोटी उलटी फिरते. चाक थांबलं की मोजायचं काही नसतं, बोट उठलं की सांगायचं काही नसतं. पेसमेकरची गरज नेमकी हृदय थांबू लागतं तेव्हा असते, आणि तेव्हाच त्याचं जनित्रही थांबतं. पेसमेकरच्या धक्क्यानं हृदय आकुंचन पावलं तर त्या आकुंचनातून पुढच्या धक्क्याची वीज मिळते, हे खरं. पण मधला एक धक्का वाया गेला तर साखळी तुटते. म्हणून जनित्र कितीही चांगलं झालं तरी त्याच्या जोडीला साठा ठेवावाच लागणार. आजचा तारविरहित पेसमेकर दोनेक ग्रॅमचा असतो, थेट हृदयाच्या कप्प्यात बसतो, आणि त्याच्या आतली बरीचशी जागा बॅटरीनं व्यापलेली असते. दहा वर्षांची हमी देणारी ती बॅटरी काढून जनित्र घाला, असं सांगायला अजून कुठलाही हृदयरोगतज्ज्ञ तयार नाही, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. अभियंते सध्या कमी मागतायत: बॅटरी राहू द्या, जनित्रानं तिच्या खर्चाचा काही वाटा उचलावा आणि दहाची पंधरा-वीस वर्षं व्हावीत.